टर्बोला हात लावला म्हणून

दुष्काळ नुकताच सरला होता. मी बोअर मारणाऱ्या सरकारी गाडीवर फिटर होतो. आसेगावच्या पलीकडे एका गावात बौद्ध वस्तीसाठी बोअर मंजूर झाला होता. मीही तसल्याच वस्तीतला. गावच्या विहिरीवर आपल्या बायकांना किती वेळ ताटकळावं लागतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दीडशे फुटांवर इंजिनाचा जोर गेला. काळाकुट्ट धूर निघू लागला, हवेचा दाब पडला आणि ड्रिल थांबलं.

"टर्बो गेला," फोरमन म्हणाला. "गुंडाळा. गाडी अकोल्याले नेऊ."

एकदा गेलेली गाडी या वस्तीत परत येणार नव्हती. मी म्हणालो, "साहेब, मले पाहू द्या."

"तुले काय समजते? राखीव जागेवर लागला न तू?"

माझी कानशिलं तापली. तेवढ्यात वस्तीतली एक म्हातारी ड्रिलच्या रॉडांवर येऊन बसली. "बाबू, काय बिघडलं ते मले समजावून सांग. मंग गाडी जाऊ द्यायची का नाही ते आमी पाहू."

मी इंजिनाच्या बाजूची गोगलगायीसारखी पेटी दाखवली. "मावशी, इंजिनाचा धूर हिच्यातून बाहेर जाते. जाता जाता आतला पंखा फिरवते. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाले दुसरा पंखा आहे. तो बाहेरची हवा ओढते अन् दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त गेली का डिझेल जास्त जळते, जोर वाढते."

"म्हंजे वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेते! मंग काळा धूर काहून?"

"चुलीले हवा कमी पडली का धूर होते न, तसंच. हवा कुठीतरी निसटून राह्यली."

"मंग शोध न!"

इंजिन गार झाल्यावर मी बोटाने पंखा फिरवला. अलगद फिरला. टर्बो शाबूत होता. तिथून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी मात्र खालच्या अंगाने फाटली होती.

"परवानगीबिगर हात लावला तं मी लेखी देईन," फोरमन म्हणाला.

"द्या," मी म्हणालो.

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून मी वरून तार आवळली. इंजिन सुरू केलं. टर्बोची शिट्टी चढत गेली, धूर विरळ झाला. ड्रिल पुन्हा खडकात शिरलं. दोनशे फुटांच्या थोडं पुढे गढूळ पाणी उसळलं. म्हातारी उठली, ओंजळ भरली आणि कुणाला न विचारता प्यायली.

महिन्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर लिहिलं: टर्बो ठीक होता, नळी फाटली होती, ती बांधली. "माफीची एक ओळ टाक," कारकून समजावत होता. मी टाकली नाही. माझी दूर बदली झाली. ट्रंक उचलली आणि गेलो.