नानामामांचं पार्श्वसंगीत

नानामामा टीव्हीचा आवाज बंद करून सिनेमा बघत आणि त्याला स्वतःचं संगीत देत. नायिकेनं दार उघडलं की मामांच्या गळ्यातून सारंगी निघे. कुणी पळू लागलं की त्यांची बोटं टीपॉयवर धावत. "गाणं लोक घरी घेऊन जातात," ते म्हणत, "माझं काम थेटरातच विरलं पाहिजे." मुंबईत त्यांनी कितीतरी मराठी चित्रपटांना पार्श्वसंगीत दिलं. पुढे निर्माते सगळी वाद्यं कॉम्प्युटरवरच वाजवून घेऊ लागले, आणि एकटे मामा कोपरगावला आमच्याकडे, माझ्या आईच्या म्हणजे त्यांच्या बहिणीच्या घरी आले. मरेपर्यंत इथंच राहिले.

इथं आल्यावर त्यांचे कान गेले. आधी बासरी ऐकू येईना, मग व्हायोलिन. शेवटी समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखू लागले. कानाचं मशीन मात्र लावायचं नाही. "बहिऱ्याला काम कोण देईल?" काम येतच नव्हतं, तरी ही भीती. एका दुपारी मी खोलीत गेले, तर मामा पेटीच्या लाकडात दात रोवून एकेक पट्टी दाबत होते. मला बघताच त्यांनी घाईनं तोंड पुसलं. "सुमे, एवढा पंचम दातांतून येतोय अजून. कुणाला सांगू नकोस."

अशात मामांच्या जुन्या सिनेमांवर वाढलेला विकास आला. सुप्याला कंपनीत नोकरी करता करता त्यानं ऊसतोडीला गेलेल्या एका आईवर सिनेमा केला होता. "मामा, संगीत तुमीच करायचं. दुसरं कुनी न्हाई," म्हणाला. मामा तहानभूक विसरले. पुण्याला रेकॉर्डिंगच्या वेळी मी शेजारी बसले. वादकांची बोटं आणि माझा चेहरा बघत त्यांनी काम तडीस नेलं. बाहेर आल्यावर माझा दंड धरून विचारलं, "खरं सांग, जमलं?"

जमलं होतं. उसाच्या फडातल्या प्रसंगाची बासरी ऐकून मी रडले होते.

नगरला पहिला खेळ लागला. पडद्यावर नाव झळकलं, तेव्हा मामांनी माझा हात घट्ट दाबला. पण पुढे जे वाजू लागलं ते त्यांचं नव्हतंच. कुठलंसं गडगडाटी, भडक काहीतरी. मामा मात्र मनातल्या सुरांवर मान डोलवत होते. मला तिकडे बघवेना. मुलाला शोधून थकलेली आई रस्त्यावर बसते, तिथं त्यांनी पूर्ण शांतता ठेवली होती. त्यांची मान थांबली. गडगडाट मात्र चालूच होता.

"खुर्ची का थरथरतेय? इथं कोण वाजवतंय?"

मी काही बोलायच्या आत ते उठून बाहेर गेले.

बाहेर जिन्यापाशी विकास उभा होता. "मामा, प्रोड्युसरनं समदं बदललं. नाव तेवढं ठिवलं. लई भांडलो, माझं काय चाललं न्हाई." तो रडत बोलत होता, मामांना त्याचे ओठ उमगेनात.

"काय म्हणतोय?"

आसपास लोक होते, म्हणून मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"अं?"

पुन्हा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती धडपड. शेवटी मी त्यांच्यासमोर येऊन ओरडले, "मामा, तुमचं संगीत काढून टाकलं! सगळं!"

पायऱ्यांवरचे लोक वळून बघू लागले. विकासनं चमकून आधी माझ्याकडे, मग मामांकडे पाहिलं. मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत हसून मला म्हणाले,

"हळू बोल गं. ऐकू येतं मला."