काचेच्या बाईचं कुंकू

मासिकात असले अनुभव आले की मी वाचून हसायचे. भूत, चमत्कार... माझा कशावरच विश्वास नव्हता. चौथीच शिकले, तरी एवढं कळतं. म्हणून हे आपलं माझ्यापुरतंच लिहितेय.

हे फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर आम्ही जयपुरातच राहिलो, मानसरोवरला. जवाहर नगरच्या एका साहेबांच्या जुन्या मोटारी हे सांभाळतात. सगळ्यात मोठ्या मोटारीच्या बॉनेटवर, पुढच्या टोकाला, काचेची बाई आहे. नुसतं डोकं, वीतभर, केस मागे उडालेले. साहेबांच्या आजोबांनी विलायतेहून आणलेली. तशी दुसरी मिळत नाही.

दसऱ्याला मोटारींच्या पूजेला ह्यांनी मला नेलं. सगळ्या बॉनेटना हळदकुंकू लावत तिच्यापुढे आले. बाई दिसली, कुंकवाचं बोट आपोआप तिच्या कपाळावर टेकलं.

"अगं, तिला नको! रविवारी जुन्या मोटारींचा शो आहे. साहेब मला घरी बसवतील. पूस आधी!"

ओलं फडकं फिरवलं. फडकं कोरंच! नखाने खरवडलं... नख काचेवरून घसरलं. कुंकू काचेच्या आत गेलं होतं.

"आत कसं जाईल? काच आहे का भाकरी?" हे घामाघूम.

तेवढ्यात साहेब आले, मागून काठी टेकत त्यांच्या आई, माँसा. मी मोटारीमागे लपले. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. ना तडा, ना भोक.

"साहब, गलती हमारी है," हे म्हणाले.

माँसा वाकून बघतात तर हसायलाच लागल्या. "बेचारी पूरी उमर मोटर के आगे-आगे दौड़ी। आज किसी ने टीका तो लगाया! इसे छेड़ना मत।"

"पर माँसा, जज पूछेंगे तो?"

"कहना, मराठी बहू है!"

शोमध्ये साहेबांनी खरंच तसं सांगितलं म्हणे. लोकांनी मोटारीपेक्षा तिचेच फोटो जास्त काढले. ह्यांची नोकरी शाबूत. घरी येताना ह्यांनी माझ्यासाठी घेवर आणला, इथली मिठाई!

हे म्हणतात, डाग आधीपासूनच असेल. "मग रोज पुसताना तुम्हाला दिसला नाही?" म्हटलं की पेपर उघडतात.

लाजरा स्वभाव माझा. जयपुरात हळदकुंकवाला मी कधी कुणाला बोलावलं नाही. संक्रांतीला मात्र मुद्दाम तिच्याकडे गेले. पुन्हा कुंकू लावलं, फडक्याने पुसलं. एका फटक्यात फडकं लाल! आतलं जिथल्या तिथे.

कसं, ते मला आजही सांगता येत नाही... तिळगूळ तिच्यापुढे ठेवला आणि घरी आले.