केळीच्या पानातला मोगरा

शोळिंगनल्लूरच्या बसथांब्यावर ती मोगऱ्याचे गजरे विकते. गजरा मोजते कोपरापासून बोटांपर्यंत, आणि वर चार फुलं जास्तच देते. मी तिला नाव कधी विचारलं नाही.

उरलेले गजरे ती केळीच्या पानात गुंडाळते. त्यात ते ताजे का राहतात, हे बारावीतल्या माझ्या लेकीने तिच्याकडचीच फुलं घेऊन वर्षभर प्रयोग करून शोधलं. पण एका नामांकित कॉलेजच्या अर्जात तिने ते इतक्या जडजंबाळ शब्दांत लिहिलं, की मलाही कळेना. शेवटी तिने तो मजकूर तमिळमध्ये फुलवालीलाच वाचून दाखवला. ती खळखळून हसली.

"अगं, यात माझी फुलं कुठायत? आणि ओल्या फडक्यात मोगरा काळा पडला, तेव्हा तू रडलीस, ते?"

"ते कसं लिहू, अम्मा? तो प्रयोग फसला होता," लेक तिला म्हणाली.

"फसला म्हणून तर दुसरा केलास ना!"

लेकीने घरी येऊन सगळं साध्या शब्दांत लिहिलं, फसलेल्या प्रयोगासकट.

प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही दोघी पेढे घेऊन थांब्यावर धावलो. पेढा तोंडात टाकून फुलवाली लेकीला म्हणाली, "आता मोगऱ्याचा वास आठवडाभर कसा टिकेल, ते शोध. मी फुलं देते."