खडीच्या ढिगांमधून सायकल

दुष्काळाची ती वर्षं. मी तेव्हा जामखेडकडच्या एका उपकेंद्रावर नर्स होते आणि पाच मैलांवरच्या वाड्यांना सायकलनं जायची. बाई सायकलवर, याचं लोकांना चार महिने नवल वाटलं, मग संपलं.

त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना खडी फोडायचं सरकारी दुष्काळी काम निघालं. बाया दिवसभर हातोड्या मारायच्या आणि कमरेएवढे ढीग लागत जायचे. रस्ता आधीच एका गाडीपुरता. कडेला उतरायला मातीची पट्टी होती, ती ढिगांखाली गेली. मागून हॉर्न ऐकला की दोन ढिगांमधली फट येईपर्यंत जीव खाऊन पायडल मारायचं, फटीत शिरायचं, धूळ बसली की पुन्हा निघायचं.

एका दुपारी फट आलीच नाही. पाण्याचा टँकर अगदी पाठीशी लागला होता. मी हँडल वळवलं आणि सायकलीसकट ढिगावर आदळले. टँकर थांबला नाही. गुडघा फुटला, घंटी तुटली, पिशवीतल्या गोळ्या खडीत सांडल्या. बाया धावत आल्या. एकीनं आपल्या पिण्याच्या पाण्यातलं ओंजळभर माझ्या गुडघ्यावर ओतलं.

मी चिडून ढिगातली मूठभर खडी उचलली. म्हटलं, "निदान एवढा ढीग तरी मागं सारू या गं."

तिनं माझा हात धरला. "नगं बाई. माप व्हायचं हाय. ढीग मोडला तर आमची मजुरी बुडंल."

"माप कधी?"

"सायेब येतील तवा."

मी हातातली खडी खाली टाकली.

दुसऱ्या दिवशी लंगडत बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाले, "रस्ता आमचा, खडी आमची नाही. तहसिलीत जा." तहसिलीतले म्हणाले, "खडी आमची, पण मापं त्यांचा ओव्हरसियर घेतो. लेखी द्या." लिहायला बसले, तर त्यांनी विचारलं, "नोकरी कुठं?" सांगितलं. "मग अर्ज तुमच्या डॉक्टरसाहेबांमार्फत यायला हवा, बाई."

डॉक्टरांनी अर्ज वाचून परत दिला. "सरकारी माणसानं सरकारचीच तक्रार करायची? एसटीनं जात जा." एसटी त्या वाड्यांना जातच नव्हती. हे मी त्यांना सांगितलं. ते दुसऱ्या कागदाकडे वळले होते.

मग ढिगांचा तो टापू मी सायकल हातात धरून चालायला लागले. ट्रक आला की ढिगाला पाठ लावून उभी राहायची, साडी गच्च आवळून. नाक्यावर हवालदारानं घंटी नाही म्हणून तासभर अडवलं, ते वेगळंच. वाड्यांवर पोचायला रोज उशीर होऊ लागला आणि महिन्याभरात मेमो आला: उशिराबद्दल खुलासा करावा.

खुलाशात मी खडी, टँकर, गुडघा, सगळं लिहिलं. डॉक्टरांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट समजुतीनंच बोलले. "हे वर गेलं तर तुम्हालाच जड जाईल. नुसतं लिहा, यापुढे वेळेवर जाईन."

मी तसं लिहिलं. सही केली. दुसऱ्या सकाळी पुन्हा सायकलवर बसले आणि हॉर्नकडे कान लावून निघाले.

पावसाआधी माप झालं. बायांना मजुरी मिळाली, तेवढं बरं झालं. खडी पसरायचं काम मात्र कुणाचंच नव्हतं. वर्षभरानं माझी बदली झाली, तेव्हा त्या ढिगांवर गवत आलं होतं.