शिंदीचा शेंडा

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये शिंदीची झावळी हातात आली, की तिच्या हिरव्या वासानं मी मनानं पालमजवळच्या ओढ्यावर जातो. तेव्हा मी विशीत होतो. येशूच्या मिरवणुकीसाठी कोवळी पानं हवीत म्हणून शिंदीवर चढलो आणि सरळ शेंडाच कापायला घेतला.

खाली सावलीत शेळ्या घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली, "पानं ने की बाबा. शेंडा कशाला कापायलास? झाड मरतंय त्यानं."

"देवाचं काम हाय, मावशी."

तिनं शेळ्या झाडाखालून उन्हात नेल्या आणि शेंडा पडल्यावर त्याला हात जोडले.

पुढं शिंदी वाळली. देवानं शेंडा मागितलाच नव्हता. मिरवणुकीत उठून दिसायची हौस माझी होती. आणि हात मात्र तिनं जोडले.