चूक दाखवा

“बौद्ध झालात ना आता? मग शांत बसायला शिका.”

बाई असं म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला. मी उभीच. दादरची मुलींची शाळा, सातवीचा वर्ग. भोईवाड्याच्या चाळीतून येणारी मी एकटीच.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. हरताळ झाला की शाळा भरवावी की नाही, यावर बाईंनीच चौघी-चौघींना चर्चा करायला सांगितलं होतं. आमच्या गटात कुमुद होती, कारकुनाची मुलगी. ती म्हणाली, “शाळा भरलीच पाहिजे. अभ्यास बुडतो.”

मी म्हटलं, “आमच्या रस्त्यावर लाठ्या चालतात. मी यायचं कसं?”

ती म्हणाली, “पण तुझाही अभ्यास बुडेलच की.”

हेही खरंच होतं. चौघी कडाकडा भांडलो. शेवटी ठरलं, हरताळाला सुट्टी, रविवारी भरपाईचे तास. हे तिचं नव्हतं, माझंही नव्हतं. माझं ऐकून कुणी आपलं मत बदललं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिचं ऐकून मीही बदलले होते.

बोलायला तिघींनी मलाच उभं केलं. तेव्हा बाईंनी ते वाक्य फेकलं. वर म्हणाल्या, “घोषणा द्यायला तुम्ही बऱ्या. विचार मांडायला डोकं लागतं. कुमुद, तू बोल.”

कुमुद उठली. “बाई, तिनंच बोलायचं ठरलंय.”

तिला दरडावून बसवलं. मला वर्गाबाहेर काढलं. मी दारात उभी राहिले आणि तिथूनच बोलले. मोठ्यानं. सगळं.

घरी बाबा घाबरले. गिरणीतून नुकतेच आले होते. “उद्या माफी माग. नाव काढून टाकतील.”

“मागते. पण माझं काय चुकलं ते सांगा.”

बाबांनी मी वर्गात काय बोलले ते शब्दन् शब्द सांगायला लावलं. मग म्हणाले, “नको मागू.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी माफी मागायला लावली. मी म्हटलं, “चूक दाखवा, लगेच मागते.”

त्यांना दाखवता आली नाही. त्यांच्या तासाला मला बाहेर उभं करू लागल्या. मी उभी राहिले. माफी मागितली नाही.

तिथंच मी ठरवलं. जो पटवून देईल त्याचं ऐकेन, मग तो कुणीही असो. जो नुसता हुकूम सोडेल त्याच्याशी भांडेन. मरेपर्यंत.