मालकाच्या सर्व्हरवरची जागा

"धर्माची गाय, आन् म्हणे दात का गं न्हाई!"

मालक असं म्हणाले आणि अख्खं दुकान हसलं. गिऱ्हाइकं हसली, झेरॉक्सवाला हसला. माझ्यामागं आमच्या तांड्यातल्या बायका उभ्या होत्या, त्याबी हसल्या. त्यात माझी याडी होती. याडी म्हणजे आई. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मालकापुढं आमच्या बायका बसत न्हाईत. कुणी बसू नका म्हणत न्हाई. बसत न्हाईत, बस्स.

हिंगोलीतलं ते दुकान मालकांचं. मी तिथं कामाला, लोकांच्या वेबसाइटी बनवायला. मालक मूळ आमच्या पुसेगावकडचे, तांड्याशेजारचे मोठे शेतकरी. त्यांच्या हळदीत खुरपून याडीचा जन्म गेला. मी बीसीए झाले तवा त्यांनीच मला कामाला लावलं, आणि हे सांगायचं त्यांनी गावात कुणाला बाकी ठेवलं न्हाई.

तांड्यातल्या बायका आरशे लावून कशिदा करतात. पिशव्या, अभ्रे, तोरणं. त्यांच्या बचत गटाचा माल बाहेर विकावा म्हणून मी घरी बसून वेबसाइट लिहिली. मालक म्हणाले, "जागा मी देतो. फुकट. ठेव माझ्या सर्व्हरवर." याडी त्यांच्या पाया पडली.

तुमी म्हणाल, जागा घेताना तिथं पीएचपी कोणतं चालतं हे विचारायचं नव्हतं का? वेबसाइट ज्या भाषेत लिहिली, ती भाषा त्या सर्व्हरला कळते का, एवढं तर कुणीबी विचारतं. गिऱ्हाइकांच्या साइटी बाहेरच्या सर्व्हरवर चढवायच्या असायच्या, तवा मी रोज विचारायची. पण मालकानं दिलेल्या वस्तूला आमच्यात सवाल करत न्हाईत. लुगडं दिलं तर उलगडून बघायचं न्हाई. भाकर दिली तर ताजी का शिळी ते बघायचं न्हाई. कपाळाला लावायचं आणि निघायचं. माझ्या हाडात तेच मुरलेलं. न विचारता सगळं चढवलं.

बायका कौतुकानं बघायला आल्या, तर पडदा पांढराफट्ट. मी लिहिलेलं आठव्या आवृत्तीचं, मालकाच्या सर्व्हरवर पाचवी. मी म्हणाले, "मालक, नवी आवृत्ती टाकावी लागंल." त्याच्यावर ती गाय निघाली.

हसून झाल्यावर ते म्हणाले, "माझी बाकीची गिऱ्हाइकं जुन्यावरच चालून राहिली. तुमच्यापायी त्यांचं मोडू व्हय? तू जुन्यात लिहून घे परत. तुमच्या लोकायला जुनं चालतं की."

रागानं न्हाई बोलले. मायेनं बोलले. म्हणून जास्त लागलं.

याडी पुढं झाली, हात जोडले. "व्हय मालक. चालतं आमाला."

चौथीत असताना मालकांच्या पोरीचा जुना फ्रॉक घालून मी शाळेत गेले होते. तिनं भर वर्गात बोट दाखवलं. "माझा हाय तो." पोरं हसली. घरी येऊन रडले, तर याडी म्हणाली, "फाटका तर न्हाई ना?" तिचंबी बराबर होतं. फाटका नव्हता.

पण हे पीएचपी फाटकं होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनीच त्याची दुरुस्ती कवाची सोडलेली. कुणी भोक पाडलं तर बुजवणारं कुणी न्हाई. आणि त्यावर बाहेरगावच्या लोकांचे पत्ते, फोन नंबर ठेवायचे. चोरी झाली तर बोट कुणाकडं जाणार? तांड्याकडं. ते पहिल्यापासूनच तिकडं जातं.

संध्याकाळी जीपमधून घरी आले. अंगात जीव नव्हता. तरी मोबाइल घेऊन, कंपन्यांना फोन लावत जागा शोधत बसले. एकजण म्हणे, आमच्याकडं सगळं लेटेस्ट. लेटेस्ट म्हणजे कोणतं विचारलं, तर परत तेच, सगळं लेटेस्ट. दुसऱ्याकडं नवं होतं, पण त्याला जास्तीचा दर. तिसऱ्या ठिकाणी एक बाई बोलली, हिंदीत. "मॅडम, आपको कौन सा वर्ज़न चाहिए? आप खुद चुन सकते हैं."

मला रडू फुटलं. एवढ्याशा गोष्टीला! तिचं ते रोजचंच वाक्य असणार. पण तुला काय पाहिजे, असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जे आलं ते घेतलं.

ती जागा मी घेतली. बचत गटाच्या नावावर घेतली, माझ्या पगारातून.

सकाळी दुकानात मालकांनी विचारलं, "लिहिलं का जुन्यात?"

"न्हाई मालक. लिहिणार बी न्हाई. जागा दुसरीकडं घेतली."

त्यांनी माझ्या कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "मग काम बी दुसरीकडंच बघ."

"बघते."

बाहेर येऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसले आणि जवळचे पैसे मोजले.

वेबसाइट चालू झाली. पहिली पिशवी कुणी घेईल तवा घेईल, अजून कुणी घेतली न्हाई. मी आमच्याकडच्याच गोरेगावात एका दुकानात फॉर्म भरून देते. काम कमी, पगार त्याहून कमी. तांड्यात माझ्याशी कुणी नीट बोलत न्हाई. मालकाच्या शेतात बायकांना अजून बोलावणं आलेलं न्हाई, आणि त्याचा राग माझ्यावर. बरोबरच हाय. चुली त्यांच्याबी पेटायच्या हायेत.

काल याडी भांडली. "मालकाला न्हाई म्हनलीस! काहून? काय कमी केलं त्यानं आपल्याला?"

मी सांगायला गेले. आवृत्ती, दुरुस्ती, चोरी. तिच्या डोक्यावरून गेलं. मग म्हणाले, "याडी, मला जुनं नको होतं. बस्स."

ती म्हणाली, "उद्या जाते मी. पाया पडते. पोर नादान हाय, पदरात घ्या म्हणते."

आज सकाळी ती पायात वहाणा घालून निघाली, तवा मी दारात आडवी बसले. तिनं शिव्या दिल्या. तोंडात मारली. मी उठले न्हाई. दमलेय मी, खरंच लई दमलेय. पण माझ्यापायी ती त्या दुकानात हात जोडून उभी राहणार असंल, तर मी रोज अशीच आडवी बसेन. उद्या बी. परवा बी. तिला जायचंच असंल, तर मला तुडवून जावं लागंल.